दात पाडणारा

सत्तावीस वर्षं कुपवाडच्या शेडमध्ये
दुसऱ्यांच्या लोखंडाला दात पाडतोय मी.
ट्रॅक्टरच्या, कडबाकुट्टीच्या,
हळदीच्या पॉलिश ड्रमच्या,
एकदा तर रसवंतीच्या चरकाला,
ज्याचे पैसे अजून यायचेत.
आणि माझी लेक म्हणते,
बाबा, गाडीला गिअर नको.

गाडी म्हणजे काय, तर चार चाकं,
इंची पाइपची चौकट,
फवारणी पंपाचं साडेपाच हॉर्सचं इंजिन
आणि पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची.
खडूनं जमिनीवर काढली होती तिनं,
लेथपासून दारापर्यंत.
इंजिन आणि मागचा रॉड यांच्यामध्ये
एक चौकोन रिकामा. त्यात प्रश्नचिन्ह.

मिरजेत बाबालालनं भंगारातून
तीन उत्तरं काढून पुढ्यात टाकली.
हे मोटरसायकलचं, चार गिअर, हाताचा क्लच.
"पोरगी शिकंल तरी."
हा स्कूटीचा अख्खा सेट, बेल्टसकट, बाराशे.
आणि मग बारदानाखालनं एक डबडं.
आत तीन लायनर, तीन स्प्रिंगा,
वर पातेल्यासारखा ड्रम.
"कधी धरायचं ते ह्याचं ह्याला कळतं," म्हणाला,
"माणसाला कळत नाही."

मी अर्थात पहिल्याकडं हात नेला.
संयोगितानं वीत टाकून दाखवली:
खुर्ची ते टायर, नऊ इंच.
स्कूटीच्या बेल्टाला चौदा लागतात.
"आणि बाबा, उजवा पाय रेसवर,
डावा ब्रेकवर, दोन्ही हात स्टिअरिंगला.
तुमच्या क्लचला तिसरा पाय कुठनं आणू?"

हाफ क्लच मी शिकलो मालकाच्या मॅटाडोरवर,
आयर्विन पुलाच्या तोंडाशी, मागं सिमेंटची पोती.
प्लेट जळाली.
दोन महिन्यांचा पगार त्या वासात गेला.
तेव्हापासून धरलं तर पुरतं धरतो,
सोडलं तर पुरतं सोडतो,
मधलं मला येत नाही.
तिच्या आईनं हे वेगळ्या शब्दांत सांगितलंय.

तर ते डबडं.
इंजिन पुटपुटत असतं तोवर
लायनर स्प्रिंगांच्या कुशीत, गप.
दोन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की
फाकतात, ड्रमला भिडतात.
रेस सोडली की आल्या वाटेनं घरी.
पेडल नाही, दांडा नाही, अंदाज नाही.
मला जरा अपमानच वाटला.

रविवारी गोडाऊनमागं काढली.
सपाटीला पळाली, कुत्रीसुद्धा मागं पडली.
वजनकाट्याच्या चढाला मात्र
इंजिन बोंबलतंय, चाक जागच्या जागी,
आणि तो वास.
तीस वर्षांनी, तोच.
ड्रम निळा पडलेला.

"क्लच खोटा," मी म्हणालो, खरं तर खुशीत.
ती उकिडवी बसली, मागच्या चक्राचे दात
बोटानं मोजत गेली. अठ्ठेचाळीस. पुढं बारा.
"क्लच बरोबर आहे. त्यानं धरायच्या आधीच
आपण त्याच्यावर ओझं टाकतोय.
मागं बहात्तर पाहिजेत."
माझ्याकडं बघितलं नाही तिनं.
बघायची गरज नव्हती.

रात्री शेडमध्ये एकच दिवा.
अठरा भोकांची प्लेट, दर दाताला दहा भोकं.
ती मोजायची, मी कटर द्यायचो.
बुरादा चपलांत, चहा थंड,
शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याचा रेडिओ
बाजारभाव सांगून झोपला.
चाळिशीच्या पुढं कुठंतरी
तिला डुलकी लागली.
एक भोक इकडं की तिकडं,
मी परत मोजायला पाहिजे होतं.

आता गाडी तो चढ चढते, वास न येता.
फक्त दर फेरीला एका जागी
साखळी किंचित कुरकुरते,
आणि गल्लीभर ऐकू जाईल असं
संयोगिता ओरडते,
एकेचाळिसावा, बाबा!